कपाट नंबर सात

प्रॅक्टिकलच्या आधी दोन दिवस
जिरॅनियमची कुंडी मी कपाटात ठेवतो.
कपाट नंबर सात, खाली ब्युरेटींचे खोके,
दाराला आतून काळा कागद.
वीस वर्षं हेच काम. जर्नलमध्ये मुलं लिहितात
साहित्य : झाड, चिमटे, स्पिरिट, आयोडीन.
बगाडे कुठेच नाही.

दोन दिवस झाडाला उपास.
पानातला साठा सरतो, पाटी कोरी होते.
मग पानावर काळी पट्टी, दोन चिमटे,
आणि गच्चीवर उन्हात,
जिथून वेताळ टेकडी दिसते
आणि कर्वे रोडचे हॉर्न चौथ्या मजल्यापर्यंत चढून येतात.

दुपारी पान तोडून स्पिरिटमध्ये उकळायचं,
तेही पाण्यात ठेवून, थेट आचेवर नाही.
एकदा पेटलं होतं. भुवया गेल्या माझ्या.
हिरवं सगळं स्पिरिटमध्ये उतरतं,
पान उरतं जुन्या पोस्टकार्डासारखं.
वर आयोडीन.
जिथे ऊन पोचलं तिथे काळंनिळं,
पट्टीखाली नुसतं पिवळट.
मुलं ओरडतात. दर वर्षी ओरडतात.
मीही दर वर्षी वाकून बघतो, उगाच.

त्या वर्षी परीक्षा पुढे गेली.
भाचीचं लग्न होतं इंदापूरला, मी निघून गेलो.
कुंडी कपाटातच.
अकरा दिवस.

दार उघडलं तर खालची पानं गळून पडलेली,
देठ पांढरे, लांबच लांब, काडीसारखे,
आणि सगळे एकाच बाजूला वळलेले :
दाराखाली कागद बोटभर सुटला होता,
तिथून ट्यूबलाइटचा जो काही उजेड यायचा
त्याच्याकडे.

तन्झीला अत्तार तिथेच उभी होती, सबमिशनला आलेली.
म्हणाली, काका, अकरा दिवस यानं खाल्लं काय?

मी बारावी नापास. पण वीस वर्षं
भिंतीला टेकून लेक्चरं ऐकलीत.
म्हटलं, स्वतःलाच खाल्लं. आधी पानं, मग देठातलं.
झाड फक्त दिवसा रांधतं, पोरी,
जेवतं मात्र चोवीस तास.
ऊन, पाणी आणि तू आत्ता सोडलीस ती हवा,
यांची साखर होते. साखर म्हणजे पाचशेची नोट.
सकाळी कोथरूड डेपोच्या बसमध्ये
पाचशेची नोट काढून बघ,
कंडक्टर काय बोलतो ते.
पेशी त्याच जातीची. सुट्टे असतील तर बोला.
म्हणून तिच्या पोटात तंतुकणिका बसलेल्या,
नोट मोडून द्यायला.
जाळतात, पण धूर नाही,
पायरी पायरीनं, ऑक्सिजन घेत घेत,
आणि हातावर ठेवतात एटीपीची चिल्लर.
थोडी ऊब वाया जाते. तेवढं कमिशन.

ती म्हणाली, आणि आपण?

आपण काय. आपल्याला रांधता येत नाही.
आपण दुसऱ्याच्या चुलीवर.

संध्याकाळी टेकडी चढलो, रोजच्यासारखी.
गिरिपुष्पाच्या सावलीत दम लागला.
पोटऱ्या पेटलेल्या.
दुपारच्या डब्यातली भाकरी आठवली.
ती ज्वारी कुठल्याशा काळ्या रानात
थंडीभर उन्हात उभी राहिली असेल,
एक दिवस कुणाला टेकडी चढायची आहे
हे तिला काय ठाऊक.
ते जानेवारीचं ऊन
माझ्या गुडघ्यात सुट्टं होत होतं.
श्वास बाहेर टाकला. झाडांनी
मान वर करून पाहिलंही नाही. घेतला.

कुंडी खिडकीत ठेवली. एकविसाव्या दिवशी
एक पान आलं, नखाएवढं, कडेला लालसर.
ते कुणाला तोडू दिलं नाही.

तेव्हापासून सात नंबरच्या दाराखालचा कागद
चिकटवायचा राहून जातो.
टिळेकर मॅडम विचारतात,
बगाडे, पट्टीखालीसुद्धा फिकट निळं कसं?
मी म्हणतो,
आयोडीन जुनं झालं असेल, मॅडम.